जपानचे जुने साहित्य : कोणी लिहिले, कोणी गायले?

जपान म्हटले की आपल्या वस्तीतल्या माणसाला काय आठवते? घड्याळे आठवतात, बुलेट ट्रेन आठवते, हिरोशिमा-नागासाकी आठवते. आणि आपण बौद्ध म्हणून अभिमानाने सांगतो, की तो तथागतांच्या धम्माचा देश आहे. पण त्या देशातल्या माणसांनी हजार-बाराशे वर्षे काय लिहिले, काय गायले, कोणत्या दुःखाला वाचा फोडली, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण सम्राट अशोक, नालंदा, अजिंठा यांचा इतिहास वाचतो. तो धम्म समुद्रापलीकडे गेल्यावर तिथल्या माणसाच्या बोलीचे आणि लेखणीचे काय झाले, हे आज पाहू या.

वाचताना एकच प्रश्न मनात धरावा. लिहिण्याचा हक्क कोणाकडे होता? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. आपल्या वाडवडिलांना अक्षराची बंदी होती, हे आपण जाणतो. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे गेले आणि म्हणाले, निरनिराळ्या जातीकुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधून ठेवू या. भगवंतांनी त्यांना साफ नकार दिला. आपल्या बोलीतच धम्म शिकावा, असे सांगितले. हे माप हातात घेऊन आपण जपानच्या साहित्याकडे जाऊ.

लिपी आली, धम्म आला

जपानी लोकांची भाषा जुनी, पण तिला स्वतःची लिपी नव्हती. अक्षरे चीनमधून कोरियामार्गे आली. कोरियातल्या पेक्चे राज्यातून बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ जपानच्या दरबारात पोचले, त्याचे साल ५३८ किंवा ५५२ असे धरतात. म्हणजे ग्रंथ वाचायचा तो चिनी भाषेत, राज्यकारभार चिनीत आणि विद्वत्ताही चिनीत. आपल्याकडे संस्कृतचे जे स्थान होते, ते तिकडे चिनी भाषेचे झाले.

नारा ही राजधानी असताना ७१२ साली ‘कोजिकी’ आणि ७२० साली ‘निहोन शोकी’ हे इतिहास-पुराणाचे ग्रंथ तयार झाले. देवांच्या कथा आणि राजवंशाची थोरवी त्यांत आहे. राजाचे कुळ देवापासून आले, हे ठसवण्याचे काम अशा ग्रंथांनी केले. हा प्रकारही आपल्याला ओळखीचा आहे.

याच नारा शहरात तोदाइजी विहारातील प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली झाला. तो कोणाच्या हातून झाला? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हातून. ते ७३६ साली जपानला पोचले आणि परत आले नाहीत. भारताचा आणखी एक ठसा जपानी मुलांच्या पाटीवर आजही आहे. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जाते. आपल्या बाराखडीसारखाच हा क्रम वाटतो ना? बौद्ध भिक्खू मंत्र आणि धारणी वाचण्यासाठी भारतातील सिद्धम् लिपी शिकत असत. त्या अभ्यासातून हा क्रम बसला.

मान्योशू : जिथे गरीबही बोलतो

आठव्या शतकात ‘मान्योशू’ हा मोठा काव्यसंग्रह जुळून आला. त्यात २० भाग आणि सुमारे साडेचार हजार कविता आहेत. लिपी चिनीच, पण चिनी अक्षर अर्थासाठी न घेता कित्येक ठिकाणी नुसत्या उच्चारासाठी घेतले आहे. परक्याच्या अक्षरात आपली बोली बसवण्याची ही पहिली धडपड होती.

कवितेचे दोन मुख्य आकार यात दिसतात. आपण अभंगात जशी अक्षरे मोजतो तसे तिकडे उच्चाराचे तुकडे मोजतात. पाच आणि सात, पाच आणि सात, अशा ओळी हव्या तितक्या वाढवत नेल्या आणि शेवटी सातची एक ओळ जोडली की ‘चोका’, म्हणजे लांब कविता. पाच, सात, पाच, सात, सात अशा पाच ओळींत संपवली की ‘तान्का’, म्हणजे आखूड कविता. एकूण ३१ तुकडे. यमक नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. पुढच्या बाराशे वर्षांचा पाया हाच.

मान्योशूत राजा आहे, सरदार आहे, तसेच पूर्वेकडच्या खेड्यातले लोकही आहेत. दूर क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर पहारा द्यायला शेतकऱ्यांची पोरे सक्तीने नेत असत. त्यांची आईबापांच्या, बायकोच्या आठवणीची गाणी ७५५ साली गोळा केलेली यात मिळतात. आणि यामानोउए नो ओकुरा नावाचा एक अधिकारी-कवी यात आहे. त्याची गरिबीवरची लांब कविता म्हणजे दोन गरिबांचा संवाद आहे. थंडीच्या रात्री एक गरीब माणूस आपल्याहून गरीब माणसाला विचारतो, की बाबा, तू कसा जगतोस? मग दुसरा आपली मोडकी झोपडी, जमिनीवरचे गवत, उपाशी आईबाप आणि पोरेबाळे यांची हकिकत सांगतो. त्यातच गावचा मुकादम हातात चाबूक घेऊन दारात ओरडत येतो. लिहिणारा स्वतः सुभ्याचा अधिकारी होता, तरी त्याने चाबूक कोणाच्या हातात आहे ते लिहिले. हे धाडस लहान नाही.

दुर्दैव असे, की पुढे दरबारी कवितेने हा आवाज बाजूला सारला. ९०५ च्या सुमारास राजाच्या हुकमाने ‘कोकिनशू’ हा संग्रह झाला. त्यात सुमारे ११०० कविता आहेत. चार ऋतू, प्रेम, विरह हे तिचे विषय. कविता अतिशय नाजूक आणि घोटीव, पण चाबूक आणि झोपडी तिथून गेली. राजाज्ञेने असे २१ संग्रह १४३९ पर्यंत निघाले.

बायकांची लिपी

आता खरी गंमत पाहा. चिनी अक्षरे लिहायला फार अवघड. ती झरझर लिहिता लिहिता गोलसर आणि सोपी होत गेली आणि त्यातून ‘हिरागाना’ ही उच्चाराची लिपी नवव्या शतकात तयार झाली. दुसरी लिपी ‘काताकाना’. ती विहारात जन्मली. सूत्रे वाचताना भिक्खू ओळीच्या कडेला अक्षरांचे तुकडे खूण म्हणून लिहीत, ती ही लिपी.

मोठ्या घरचे पुरुष चिनी लिहीत. बायकांनी चिनी शिकणे शोभत नाही, असा समज होता. म्हणून हिरागानाला नावच पडले ‘बाईचा हात’. नाव ठेवले कमीपणाने. पण बोलतो तशी भाषा लिहिण्याची सोय त्या लिपीतच होती. ९३५ च्या सुमारास की नो त्सुरायुकी या नामवंत कवीला प्रवासवर्णन लिहायचे होते. तोसा प्रांतात त्याची लहान मुलगी वारली होती. ते दुःख त्याला चिनी भाषेत मांडायचे नव्हते. म्हणून त्याने बाईचे सोंग घेऊन हिरागानात रोजनिशी लिहिली. मोठ्या हुद्द्याच्या पुरुषाला मनातले सांगण्यासाठी बाईची लिपी उसनी घ्यावी लागली!

मग बायकांनीच लेखणी हातात घेतली. ‘निक्की’ म्हणजे रोजनिशी, ‘मोनोगातारी’ म्हणजे गोष्ट किंवा कादंबरी, आणि ‘झुइहित्सु’ म्हणजे मनात येईल तसे लिहिलेले स्फुट. हे तिन्ही प्रकार त्यांच्या हातून फुलले. एका सरदाराच्या बायकोने ‘कागेरो निक्की’त नवऱ्याच्या अनेक बायकांमधली एक म्हणून जगण्याचा जाच लिहिला. तिचे नाव आपल्याला माहीत नाही, ‘मिचित्सुनाची आई’ एवढेच इतिहासाला ठाऊक आहे. सेई शोनागोन हिने सन १००० च्या सुमारास ‘माकुरा नो सोशी’ हे स्फुटांचे पुस्तक लिहिले. आवडत्या गोष्टी, चीड आणणाऱ्या गोष्टी अशा याद्यासुद्धा त्यात आहेत.

या सगळ्यांत थोर ती मुरासाकी शिकिबु. हेही तिचे खरे नाव नव्हे. तिचे बंधू चिनी धडे घोकत असत, तेव्हा ही बाजूला बसून ऐकत असे आणि त्यांच्या आधी तिला समजत असे. बाप हळहळायचा, की ही मुलगा म्हणून जन्मली असती तर! हे तिने स्वतः रोजनिशीत नोंदवले आहे. पुढे दरबारात महाराणीला ती चिनी कविता शिकवायची, तीसुद्धा लपून. तिची ‘गेन्जी मोनोगातारी’ ५४ प्रकरणांची आहे. १००८ साली ती दरबारात वाचली जात होती, अशी नोंद मिळते. राजपुत्र गेन्जीच्या प्रेमप्रकरणांची ती गोष्ट आहे. पण वाचत गेले की बायकांची घुसमट, वैभवाचा उतार आणि केल्या कर्माचे फळ हेच समोर येते. जगातल्या अगदी आरंभीच्या मोठ्या कादंबऱ्यांत तिची गणना होते.

या कादंबरीत खुद्द गेन्जी म्हणतो, की गोष्टी खोट्या असल्या तरी त्यांतून माणसाचे खरे कळते. त्याला तो दाखला देतो बुद्धांच्या उपायकौशल्याचा, म्हणजे ऐकणाऱ्याची कुवत पाहून शिकवण्याच्या पद्धतीचा. तरीही मध्ययुगात अशी समजूत पसरली, की काल्पनिक गोष्टी लिहिल्या म्हणून मुरासाकी नरकात गेली. तिच्यासाठी पठणविधी होऊ लागले. आमच्या मते हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. बाईने लिहिले, जगाने वाचले आणि वर तिलाच पापी ठरवले.

आपल्या थेरीगाथेत ७३ थेरींच्या नावे गाथा आहेत. बायकांनी आपली मुक्ती आपल्या तोंडाने सांगावी, ही परंपरा धम्मात मुळापासून होती. जपानी बायकांना ती पाली गाथा ठाऊक नव्हती, पण सद्धर्मपुंडरीक सूत्र ठाऊक होते. त्यातल्या आठ वर्षांच्या नागकन्येला बुद्धत्व मिळते, ही कथा त्यांना आधार वाटे. अर्थात त्या सूत्रातही नागकन्येला आधी पुरुषरूप घ्यावे लागते. तेवढी अट तिथेही सुटली नाही, हे लपवून चालणार नाही.

जेतवनाची घंटा

बाराव्या शतकात दरबाराचे दिवस भरले. ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत ११८० ते ११८५ लढाया झाल्या. शेवटची लढाई दान-नो-उरा येथे समुद्रात झाली आणि लहानगा राजा आन्तोकु आजीसह बुडाला. या युद्धाची कथा म्हणजे ‘हेइके मोनोगातारी’.

ही कथा घराघरात कोणी नेली? डोळ्यांनी अंध असलेल्या गायकांनी. त्यांना ‘बिवा होशी’ म्हणत. डोके मुंडलेले, अंगात भिक्खूसारखा वेश आणि हातात बिवा नावाचे तंतुवाद्य. गावोगाव फिरून ते युद्धकथा गात. त्यातल्या काकुइची नावाच्या अंध गायकाने १३७१ साली आपला पाठ सांगून लिहवून घेतला. तोच पाठ पुढे प्रमाण मानला गेला. ज्याला अक्षर दिसत नव्हते त्याच्या तोंडून हा ग्रंथ आला.

या कथेची सुरुवात कुठे होते माहीत आहे? आपल्या श्रावस्तीत! अनाथपिंडिकाने भगवंतांना दान दिलेल्या जेतवन विहारातील घंटेचा नाद आणि शालवृक्षाची फुले यांच्या उल्लेखाने ती उघडते. सर्व संस्कार अनित्य आहेत, गर्विष्ठ फार दिवस टिकत नाहीत, हे तिचे सूत्र. जपानी भाषेत अनित्यतेला ‘मुजो’ म्हणतात. लढाईत कुमागाइ नावाचा योद्धा आपल्या मुलाच्या वयाच्या पोराला नाइलाजाने मारतो. पुढे त्याला शस्त्राचाच वीट येतो आणि तो होनेन या भिक्खूचा शिष्य होतो. युद्धाची कथा, पण ती युद्धाचे कौतुक करून थांबत नाही.

याआधी, १२व्या शतकातच, ‘कोन्जाकु मोनोगातारीशू’ हा हजाराहून अधिक गोष्टींचा संग्रह झाला होता. त्याचे तीन भाग आहेत : भारत, चीन आणि जपान. भारताच्या भागात बुद्धचरित्र आणि जातककथा आहेत. पाहुण्यासाठी आगीत उडी घेणारा ससा, जो आपण शशजातकात वाचतो, तो तिथेही आहे. जपानच्या भागात मात्र चोर, भिकारी, कारागीर, भुते अशी साधी दुनिया भेटते.

दहा बाय दहाची खोली

कामो नो चोमेई या कवीने १२१२ साली ‘होजोकी’ लिहिली. होजो म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा. म्हाताऱ्या चोमेईने डोंगरात एवढीच झोपडी बांधली आणि तिच्यात बसून पुस्तक लिहिले. विमलकीर्तीच्या खोलीची आठवण त्या मापात आहे. गिरणगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे माप सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की चोमेई त्यात एकटा राहत होता आणि आपण दहा-बारा जण!

या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग म्हणजे संकटांची नोंदवही आहे. ११७७ ची क्योतो शहरातील आग, ११८० चे वादळ आणि राजधानीची हलवाहलव, ११८१-८२ चा दुष्काळ, ११८५ चा भूकंप. दुष्काळात रस्त्यावर प्रेतांचे खच पडले. तेव्हा निन्नाजी विहारातील एक भिक्खू रस्तोरस्ती फिरले आणि प्रत्येक मृताच्या कपाळावर ‘अ’ हे अक्षर लिहीत गेले. भारतातून गेलेले आपले ‘अ’. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसालाही धम्माशी जोडायचे म्हणून. दोन महिन्यांत शहराच्या एका भागातच मोजदाद ४२,३०० वर गेली. माझ्या मते जपानी साहित्यातला हा फार मोठा प्रसंग आहे. अक्षर राजाच्या वंशावळीतून निघाले आणि बेवारस माणसाच्या कपाळावर आले.

चांडाळाचा मुलगा म्हणवणारा भिक्खू

१३व्या शतकात धम्मातही उलथापालथ झाली. शिनरान यांना १२०७ साली राजधानीतून हद्दपार केले. ते खेड्यांत राहिले. चिनी पांडित्य अंगी असूनही त्यांनी जपानी बोलीत ‘वासान’ म्हणजे गाता येतील अशी स्तोत्रे रचली. आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी त्यांनी असा खुलासा केला, की शहाणे लोक याला हसतील, पण मी निरक्षर खेडुतांना कळावे म्हणून तेच तेच सोपे करून लिहितो. चुल्लवग्गातली भगवंतांची आज्ञा जणू इथे पाळली गेली.

दुसरे निचिरेन. १२२२ साली समुद्रकाठच्या गावात त्यांचा जन्म झाला. वरळीच्या जपानी बुद्ध मंदिरात जो ढोल वाजतो, तो याच परंपरेतला. सादो बेटावर हद्दपारीत असताना त्यांनी शिष्यांना पत्रे लिहिली. त्यांत ते स्वतःला चांडाळाच्या घरात जन्मलेला म्हणवतात. चांडाळ हा आपल्याकडचा शब्द! सूत्रग्रंथांच्या भाषांतरातून तो चीनला गेला, तिथून ‘सेन्दारा’ होऊन जपानला पोचला. माणसाला हीन ठरवणारा शब्दही धम्माच्या पोथीतून प्रवास करून गेला, ही लाज वाटावी अशी गोष्ट. पण निचिरेन यांनी तो शब्द लपवला नाही, स्वतःच्या नावापुढे ठेवला. त्यांची पत्रे आज जपानी गद्यात मोलाची मानली जातात.

नदीकाठची माणसे

जपानचे ‘नो’ नाटक जगप्रसिद्ध आहे. मुखवटा, संथ चाल, गाणे आणि मोजके शब्द. पुष्कळ नाटकांत एक फिरता भिक्खू येतो. त्याला कोणी साधा माणूस भेटतो. तो खरे तर मेलेल्याचा आत्मा असतो. आपले अडकलेले दुःख तो सांगतो, नाचतो आणि भिक्खूच्या पठणाने शांत होतो. दोन नाटकांच्या मध्ये ‘क्योगेन’ नावाचे विनोदी खेळ होतात. त्यांत नोकर तारो काजा धन्याला हमखास फसवतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवावा.

हे नाटक कोणी घडवले? कानआमि (१३३३-१३८४) आणि त्याचा मुलगा झेआमि यांनी. ते ‘सारुगाकु’ खेळ करणारे, म्हणजे समाजात हलके समजले जाणारे लोक. शोगुन योशिमित्सु याने लहान झेआमिला आश्रय दिला. १३७८ साली उत्सवात त्याला जवळ बसवून घेतले, तेव्हा एका दरबारी सरदाराने रोजनिशीत नाक मुरडले, की असले खेळ म्हणजे भिकाऱ्यांचा धंदा. तो सरदार कोण होता हे आज कोणी विचारत नाही. झेआमिचे नाटक मात्र आजही रंगमंचावर आहे. त्याने अभिनयावर लिहिलेले ग्रंथही थोर आहेत. म्हातारपणी, १४३४ साली, त्यालाही सादो बेटावर हद्दपार केले.

कानआमिचे ‘सोतोबा कोमाची’ हे नाटक आपल्या उपासिकांनी जरूर समजून घ्यावे. सोतोबा म्हणजे स्तूप. एक भिकारीण म्हातारी पडक्या स्तूपावर बसते. भिक्खू रागावतात, की पवित्र वस्तूवर बसतेस? ती वाद घालते, धम्माचाच आधार घेऊन त्यांना निरुत्तर करते आणि भिक्खू तिच्यापुढे डोके टेकवतात. ती एके काळची थोर कवयित्री ओनो नो कोमाची निघते.

याहून खालच्या थरात ‘सेक्क्यो’ गाणारे होते. नावाचा अर्थ सूत्राचे निरूपण. हातात बांबूचे साधे वाद्य घेऊन विहारांच्या दारात, रस्त्यावर ते कथा सांगत. गुलाम म्हणून विकलेली भावंडे, महारोगाने घराबाहेर काढलेला माणूस, अशा त्यांच्या कथा. सांगणारे स्वतः तुच्छ लेखले गेलेले. म्हणून त्या कथांत दुःख ऐकीव वाटत नाही.

सतरा उच्चार आणि छापखाना

जपानमध्ये ७७० सालापर्यंत लाखो छोट्या लाकडी स्तूपांत छापील धारणी घालून वाटल्या होत्या. म्हणजे छपाई फार जुनी. पण शेकडो वर्षे ती धर्मग्रंथांपुरतीच राहिली. १७व्या शतकात लाकडी ठशांची पुस्तके बाजारात विकली जाऊ लागली आणि दुकानदार, कारागीर वाचक झाले. ओसाकाच्या इहारा साइकाकुने (१६४२-१६९३) पैसा, कर्ज, व्यापार आणि शरीरविक्रय यांवर कथा लिहिल्या. चिकामात्सुने (१६५३-१७२५) बाहुल्यांच्या रंगमंचासाठी १७०३ साली सोया-सॉसच्या दुकानातील नोकर आणि एक वेश्या यांच्या खऱ्या आत्महत्येवर नाटक लिहिले. मोठ्या शोकनाट्याचा नायक सरदारच असावा, ही समजूत त्याने मोडली.

कवितेतही असेच झाले. अनेकांनी मिळून ओळीला ओळ जोडायची ‘रेन्गा’ नावाची साखळी-कविता होती. तिची पहिली तीन ओळींची कडी, पाच-सात-पाच, म्हणजे १७ उच्चार, हळूहळू सुटी झाली. तिला ‘हायकू’ हे नाव मासाओका शिकीने १९व्या शतकाच्या शेवटी रूढ केले. तिच्यात ऋतू सांगणारा एक शब्द आणि थांबवणारा एक शब्द लागतो. मात्सुओ बाशो (१६४४-१६९४) भिक्खूचा वेश करून हिंडला. १६८९ साली उत्तरेकडे केलेल्या पायी प्रवासावर त्याचे ‘ओकु नो होसोमिचि’ हे पुस्तक आहे. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, तो याच झाडाची फांदी.

पण आपल्या माणसाला जवळचा वाटेल तो इस्सा (१७६३-१८२८). शेतकऱ्याचा पोरगा, लहानपणी आई गेली, पंधराव्या वर्षी पोटासाठी शहरात धाडला. उवा, माश्या, बेडूक, चिमण्या यांच्यावर त्याने हजारो हायकू रचले. त्याची तान्ही मुले एकामागून एक गेली. १८१९ साली लाडकी मुलगी देवीच्या रोगाने वारली, तेव्हा जे काही लिहिले त्याचा भाव असा, की जग अनित्य आहे हे मला मान्य, पण बापाचे काळीज ऐकत नाही. किसा गोतमीची कथा सांगणाऱ्या आपल्या धम्मात हे दुःख परके नाही.

एक मोठी उणीव

इतके कौतुक केल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख भाटगिरी होईल. जपानात बुद्ध होता, तरी अस्पृश्यता होती. चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे, फाशी देण्याचे काम करणाऱ्यांना वेगळ्या वस्त्यांत ठेवले जाई. १८७१ च्या फर्मानाने कायद्यात भेद मिटला, पण व्यवहारात राहिला. आणि किती दुःखाची गोष्ट! अनेक विहारांनी या लोकांना मृत्यूनंतर जे धम्मनाव द्यायचे, त्यातही त्यांचा हीनपणा दाखवणारी अक्षरे घातली. चोमेईच्या काळातला भिक्खू बेवारसाच्या कपाळावर ‘अ’ लिहितो आणि पुढचे भिक्खू मेलेल्याच्या दगडावर शिवी कोरतात. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात दलितांसारख्याच या समाजाच्या चळवळीने जाब विचारला, तेव्हा काही पंथांना चूक मान्य करावी लागली.

हजार वर्षांच्या साहित्यात या वस्त्यांतली माणसे गायक, नट, बाग करणारे म्हणून दिसतात. त्यांचे स्वतःचे लेखी म्हणणे मात्र फार उशिरा आले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात ‘सुइहेइशा’ या त्यांच्या संघटनेची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मान्किची हा त्याच समाजातला, विहारात जन्मलेला तरुण होता. आपल्याकडे ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ मराठीत काढला होता. दोन देशांतल्या मुक्या माणसांनी दोन वर्षांच्या अंतराने तोंड उघडले.

यातून आपण काय घ्यायचे? नुसती मूर्ती बसवली, सूत्र म्हटले म्हणजे समता येत नाही. ज्याला बोलू दिले नाही त्याच्या हातात लेखणी आली पाहिजे. जपानचे साहित्य जेव्हा जेव्हा मोठे झाले, तेव्हा तेव्हा ते बाईच्या लिपीने, आंधळ्याच्या गळ्याने, हलक्या म्हटलेल्या नटाच्या पायाने, शेतकऱ्याच्या पोराच्या कवितेने मोठे झाले.

आपल्या वस्तीतही आजीच्या ओव्या आहेत, पाळण्याची भीमगीते आहेत, कोण कोणत्या गावाहून कसा आला याच्या हकिकती आहेत. सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. विहाराने एक जाड वही ठेवावी, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी दर रविवारी वंदनेनंतर एका घरी जाऊन ऐकावे आणि जसे बोलले तसेच लिहून घ्यावे. शुद्ध-अशुद्धाची काळजी नको. आपल्या बोलीतच शिका, असे खुद्द भगवंतांनी सांगितले आहे.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!